शेडच्या छपराचं आढं दर हिवाळ्यानंतर उघडं पडतंय? टार फासण्याआधी हे बघा

थंडी ओसरून मार्चचे वारे सुटले की इकडे न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकटकडच्या आपल्या लोकांचे ठरलेले फोटो यायला लागतात. बॅकयार्डमधली शेड, वर शिंगल्स अगदी शिस्तीत लावलेल्या, आणि नेमकं आढ्यावरच्या दोन-चार कॅप्स, म्हणजे आढं झाकणारे शिंगलचे तुकडे, उडालेल्या, नाहीतर कॅप्स सगळ्या जागेवर पण आत प्लायवुडवर काळपट ओघळ. सोबत मेसेज असतो, "मागच्या वर्षीच टार लावलं होतं, परत गळतंय, आता कुठलं चांगलं टार घेऊ?" उत्तर असं की कुठलंच घेऊ नका, निदान आत्ता तरी. आढं दरवर्षी तेच दुखणं काढतंय याचा अर्थ वरून काही लावायचं राहिलंय असा नसतो, खालची मापं आणि खिळे चुकलेत असा असतो, आणि त्यावर कितीही काळं फासलं तरी ते एक उन्हाळा टिकतं आणि पुढच्या गारठ्यात चिरतं. गावाकडे कौलांच्या आढ्यावरचे कोने सिमेंटात बसवतात, उन्हापावसात सिमेंटला तडे जातात आणि दर वैशाखात कोणीतरी शिडी लावून परत थापून येतं, तोच कार्यक्रम आपण इथे डांबरात करतोय.

पुढे जे लिहिलंय ते साध्या डांबरी शिंगल्ससाठी आहे, बाहेरून वाळूसारखे दाणे असलेल्या, आणि शेड किंवा सुट्या गराजसारख्या, स्वतः हाताने करण्याजोग्या छपरासाठी. घराचं मोठं, उंच, चढं छप्पर असेल तर कारणं हीच असतात पण वर माणूस अनुभवी आणि दोरी बांधलेला पाहिजे.

आधी ठरवा, गळतंय की घाम येतोय

हे पहिलं का, तर निम्म्या वेळा आढ्याचा काही दोषच नसतो. हिवाळ्यात आतली दमट हवा वर जाते आणि छपराच्या आतून बाहेर आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर गोठते, लोखंड लाकडापेक्षा लवकर गार पडतं म्हणून तिथेच आधी, सगळ्या टोकांवर पांढरा दंव दिसतो, मग एखाद्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं की तो वितळून टपटपतो आणि आपल्याला वाटतं आढं गळालं. आढं का वाटतं, तर गरम दमट हवा वरच साठते म्हणून सगळ्यात जास्त टपटप तिथेच.

ओळखायचं कसं ते सोपं आहे. पाऊस नसताना, कोरड्या उन्हाच्या सकाळी पाणी पडत असेल तर तो घाम. टॉर्च घेऊन आत उभे राहा आणि खिळ्यांची टोकं बघा, प्रत्येक खिळ्याभोवती छोटा गोल काळा डाग आणि टोकाला गंज, आणि असं सगळीकडे, दोन्ही उतारांवर, तर घाम. एकाच जागेहून निघून वाशाच्या कडेने खाली उतरलेला लांबट ओघळ असेल आणि बाकी लाकूड कोरडं असेल तर ती गळती. शेडमध्ये दमटपणा येतो कुठून हे लोक विचारतात, अहो खाली नुसती माती किंवा खडी आणि त्यावर प्लास्टिकचा कागद नाही, बर्फाने माखलेला स्नोब्लोअर तसाच आत ढकललेला, ओली लाकडं रचलेली, आणि वर आत काम करायचं म्हणून प्रोपेनचा हीटर, आता प्रोपेन किंवा रॉकेल जळलं की वाफ तयार होते आणि धुराडं नसेल तर ती सगळी आतच राहते. घराच्या अॅटिकमध्ये असं दिसलं तर बाथरूमच्या पंख्याचा पाइप छपराबाहेर न काढता अॅटिकमध्येच सोडलाय का ते बघा, जुन्या घरांत हे सर्रास सापडतं. या सगळ्यावर आढं उचकटून काही उपयोग नाही, जमिनीवर प्लास्टिक टाका, हवा खेळती करा, पाइप बाहेर काढा, झालं.

घाम नाही असं नक्की झालं तर पाण्याची नळी. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, एकाने बाहेर, आणि सुरुवात आढ्यापासून करायची नाही, खालून करायची. वळचणीकडच्या ओळींवर दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडा, काही नाही दिसलं तर जरा वर, असं चढत चढत शेवटी आढ्यावर. थेट आढ्यावर पाणी मारलं तर ते सगळ्या छपरावरून वाहतं आणि गळती कुठेही असली तरी आढ्यावरच आळ येतो. पाण्याचा मारा खालून वरच्या दिशेने करू नका, तसा पाऊस कधी पडत नाही आणि चांगली शिंगलसुद्धा त्यात गळेल. आत थेंब जिथे पडतो तिथे भोक नसतं, पाणी प्लायवुडच्या खालच्या अंगाने घसरत येतं, म्हणून थेंबापासून वर वर शोधत जायचं.

कॅप्स उडतात त्याचं खरं कारण

आता मूळ मुद्दा. आढ्यावरची कॅप म्हणजे साधारण बारा इंच बाय बारा इंचाचा तुकडा, थ्री-टॅब, म्हणजे खालच्या कडेला तीन पाकळ्या पाडलेली शिंगल उलटी करून मागून कापली की एकीचे तीन निघतात. तो मधोमध दुमडून आढ्यावर खोगिरासारखा बसवायचा, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच. पहिल्या कॅपचे पाच इंच उघडे ठेवून त्यावर दुसरी, तिचे पाच इंच उघडे ठेवून तिसरी. प्रत्येक कॅपला दोन खिळे, दोन्ही कडांपासून एक इंच आत आणि पुढच्या उघड्या टोकापासून साडेपाच इंचांवर, म्हणजे पुढची कॅप बसली की खिळे तिच्याखाली अर्धा इंच झाकले जातात.

हे सगळ्यांना माहीत असतं, पुड्यावर चित्रच असतं. जे चित्रात दिसत नाही ते हे, की कॅप बारा इंच लांब आहे आणि दुसऱ्या कॅपचे खिळे पहिल्या कॅपच्या टोकापासून पाच अधिक साडेपाच, म्हणजे साडेदहा इंचांवर येतात. म्हणजे ते पहिल्या कॅपच्या मागच्या भागातूनही आरपार जातात. प्रत्येक कॅपला दोन नाही, चार खिळ्यांनी धरलेलं असतं, दोन स्वतःचे आणि दोन शेजारणीचे. आता बंडल संपत आला, दुकानात परत जायचा कंटाळा, म्हणून पाचाऐवजी सहा-साडेसहा इंच उघडे ठेवले की काय होतं करा हिशेब, खिळे झाकायला ते साडेसहा-सातावर मारावे लागतात, सहा अधिक साडेसहा म्हणजे साडेबारा, आणि कॅप तर बारा इंचच, म्हणजे शेजारणीचे खिळे हवेत गेले आणि कॅप दोनच खिळ्यांवर राहिली. दिसायला काही फरक नाही. पहिल्या जोराच्या वाऱ्यात कळतं.

म्हणून शिडीवर चढल्यावर पहिलं काम टेप लावून उघडा भाग मोजायचा. पाच इंचांच्या थ्री-टॅबवर सहा-साडेसहा भरले तर अजून काही शोधत बसू नका, आढं नव्याने करा. मोठ्या मापाच्या, म्हणजे सव्वातेरा इंच उंचीच्या शिंगल्सपासून कापलेल्या किंवा तयार घेतलेल्या कॅप्सना उघडा भाग थोडा जास्त चालतो, साडेपाचच्या आसपास किंवा काहींना त्याहूनही जास्त, तो आकडा त्या त्या पुड्यावरून घ्यायचा, शेजाऱ्याच्या आठवणीतून नाही. थ्री-टॅबच्या एका बंडलमध्ये साधारण ३० ते ३२ फूट आढं होतं एवढं धरून चाला आणि वर थोडा माल जास्तच आणा.

याच्याच जोडीला एक बारीक भानगड. कॅपचा मागचा भाग, जो झाकला जाणार, तो थोडा निमुळता कापतात म्हणजे वरच्या कॅपखालून त्याची कड डोकावत नाही. बरोबर आहे, कापायचाच, पण लोक हौसेने दोन-दोन इंच आत कापतात, पानासारखा आकार करतात, आणि मग शेजारणीचा खिळा, जो कडेपासून एक इंचावर आहे, तो या निमुळत्या भागाला चुकवून बाहेरून जातो. परत तेच, चाराचे दोन. प्रत्येक बाजूने अर्धा इंच, फार तर पाऊण, पुरे.

खिळ्याच्या लांबीचंही असंच. शिंगल्ससाठी सव्वा इंची गॅल्वनाइज्ड खिळे आणलेले असतात, तेच आढ्यावर मारले जातात. पण आढ्यावर थर बघा किती, कॅपचेच दोन-तीन, खाली शिंगलच्या दोन ओळी, त्याखाली अंडरलेमेंट, म्हणजे पाणी अडवणारा कागद, दोन्हीकडून येऊन एकमेकांवर चढलेलं, मग अर्ध्या इंचाचा प्लायवुड किंवा ओएसबी, म्हणजे लाकडाच्या चिपा दाबून केलेली फळी. खिळ्याचं टोक फळीच्या खालून बाहेर दिसलं पाहिजे हा नियम, आणि इथे सव्वा इंची खिळा जेमतेम पोचतो किंवा पोचतच नाही. आढ्यासाठी दीड ते पावणेदोन इंची घ्या, तयार जाड कॅप्स असतील तर दोन इंची. आत टॉर्च मारून बघितलं की पाच सेकंदात कळतं, आढ्याच्या दोन्ही बाजूंना टोकांची रांग दिसतेय का. नसेल तर खिळे फळीत अर्धवट लटकलेत, लाकूड ओलं-सुकं होत राहिलं की ते हळूहळू वर येतात आणि कॅपला खालून ढकलतात.

नेलगनने काम केलं असेल तर डोकी तपासा. दाब जास्त असला की डोकं शिंगल कापून आत घुसतं, मग कॅप नुसती भोकाभोवती अडकलेली राहते. दाब कमी असला की डोकं वर राहतं आणि वरची कॅप कधी चिकटतच नाही. आढ्यासारख्या छोट्या कामाला मी तर म्हणतो गन ठेवून द्या, हातोडीने मारा, तेवढ्या खिळ्यांना काय लागतं.

चिकटपट्टी आणि थंडीतलं काम

शिंगलवर एक डांबरी चिकटपट्टी असते, उन्हाने तापली की ती वरच्या शिंगलला धरते. साधारण ७० फॅरनहाइटच्या आसपास आणि वर थेट ऊन, अशा दिवसांत ती नीट काम करते. ऑक्टोबरअखेर सुट्टी मिळाली म्हणून शेड बांधली, थँक्सगिव्हिंगच्या आत छप्पर झालं, त्यानंतर तीन-चार महिने पट्टी चिकटलेलीच नाही आणि मधे धूळ-परागकण बसले की उन्हाळ्यातही ती धड चिकटत नाही. अशा आढ्याच्या कॅप्स जानेवारी-फेब्रुवारीत उडाल्या तर नवल नाही. उशिरा काम केलंत तर हाताने चिकटवा, रूफिंग सिमेंटची ट्यूब मिळते, तिच्यावर एएसटीएम डी ४५८६ हा मानक क्रमांक लिहिलेला बघा, आणि कॅपच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांखाली क्वार्टरच्या नाण्याएवढा एकेक ठिपका. एवढाच. लोक पूर्ण पट्टाच्या पट्टा माखतात, त्यातला सॉल्व्हंट शिंगलचं डांबर मऊ करतो आणि पुढच्या उन्हाळ्यात फोड येतात.

शिंगलच्या मागे एक चकचकीत प्लास्टिकची पट्टी असते, ती काढायची का हा प्रश्न हमखास येतो. नाही. ती बंडलमध्ये शिंगल्स एकमेकींना चिकटू नयेत म्हणून असते, छपरावर तिचं काही काम नाही, राहिली तरी चालते.

घडीवर तडा जाणं हा वेगळा आजार आहे. फायबरग्लासची थ्री-टॅब गारठ्यात दुमडली की वरच्या अंगाला मधोमध बारीक चीर पडते, त्या दिवशी दिसत नाही, दोन हिवाळ्यांनी तिथले दाणे गळून काळी रेघ दिसते आणि मग पाणी. ५० फॅरनहाइटच्या खाली असेल तर कॅप्स आदल्या रात्री घरात आणून ठेवा, एका वेळी थोड्याच वर न्या, आणि जागेवर हळूहळू वाकवा, टेबलाच्या कडेवर दाबून घडी घालू नका. चढं छप्पर असेल तर घडी जास्त तीक्ष्ण होते, तिथे सरळ तयार रिज कॅप्स घ्या, काही ब्रँड्समध्ये रबरासारखं लवचिक डांबर वापरलेलं असतं, महाग पडतात पण शेडच्या दहा-बारा फुटांच्या आढ्याला तो फरक काही फार नाही. आणि दोन थरांच्या आर्किटेक्चरल शिंगल्स कापून कॅप्स करू नका हो, जाडीमुळे त्या नीट दुमडत नाहीत, कडा उचललेल्या राहतात, रंग जुळतो एवढाच काय तो फायदा.

कॅप्स जाग्यावर, तरीही आढ्याच्या खाली हातभर ओघळ

इथे दोष कॅपचा नसून त्याखालच्या शेवटच्या ओळीचा असतो आणि हे सगळ्यात कमी लोक तपासतात. शिंगल्सच्या ओळी खालून वर येत येत आढ्यापाशी संपतात, शेवटच्या ओळीच्या खिळ्यांवर झाकायला पुढची ओळ नसते, त्यांना झाकणार ती कॅपच, आणि कॅप प्रत्येक बाजूला सहाच इंच उतरते. म्हणून शेवटच्या ओळीच्या खिळ्यांची रेघ आढ्यापासून पाच इंचांच्या आत आलीच पाहिजे. ती साडेसहा-सात इंचांवर राहिली असेल तर खिळ्यांची डोकी कॅपच्या कडेबाहेर उघडी पडतात, पहिल्या वर्षी काही होत नाही, मग गंज, मग डोक्याभोवतीचं भोक मोठं, मग पाणी. खालून बघितलं तर छप्पर अगदी पूर्ण झाल्यासारखं दिसतं म्हणून कोणाला शंका येत नाही. शिडीवरून कॅपच्या कडेच्या जरा खाली बघा, चकचकीत किंवा तांबूस ठिपक्यांची ओळ दिसली तर सापडला चोर.

यावर उपाय म्हणून प्रत्येक खिळ्यावर सिलंटचा ठिपका देणारे आहेत, चालतं ते वर्ष-दोन वर्षं. नीट करायचं तर कॅप्स काढा, त्या बाजूला अजून एक ओळ चढवा, उघड्या भागाचं माप बाकी ओळींसारखंच, वर आढ्याला जे जास्त येईल ते कापा किंवा उतार फार चढा नसेल तर पलीकडे वळवून टाका, तिचे खिळे आढ्याजवळ मारा आणि मग कॅप्स. ओळ काही ठिकाणी तीन-चार इंचांचीच होईल, दिसायला पट्टीसारखी, हरकत नाही. दोन्ही बाजूंची ओळ पलीकडे वळवू नका, आढ्यावर उंचवटा येतो आणि कॅप्स डुगडुगतात, एका बाजूची वळवा, दुसरी आढ्याला सपाट कापा.

कॅप्स काढल्याच आहेत तर अंडरलेमेंटही बघून घ्या. दोन्ही उतारांवरचा कागद आढ्यावर येऊन एकमेकांवर सहा इंच तरी चढलेला हवा. बऱ्याच शेड्समध्ये तो दोन्हीकडून आढ्यापाशी नुसता भिडवलेला असतो, मधे फट, आणि मग सगळी भिस्त कॅपवर. एक फूटभर रुंद पट्टा आढ्यावरून आडवा टाकला की काम झालं. फळी बोटाने दाबून बघा, स्क्रू ड्रायव्हर सहज घुसत असेल तर ती कुजलीय, तेवढा तुकडा बदलल्याशिवाय वर काही बसवू नका, कुजक्या लाकडात कुठलाच खिळा धरत नाही.

रिज व्हेंट असेल तर

रिज व्हेंट म्हणजे आढ्यावर प्लायवुडमध्ये फट कापून त्यावर बसवलेली, हवा बाहेर सोडणारी पट्टी. छोट्या, आत गरम न करायच्या शेडला तिची गरज नसते असं माझं मत आहे, दोन्ही त्रिकोणी भिंतींना एकेक जाळीची खिडकी दिली की पुष्कळ झालं. पण व्हिडिओ बघून लोक लावतात आणि मग वाऱ्याबरोबर बर्फाची भुकटी आत येते म्हणून वैतागतात. व्हेंट वरून हवा बाहेर सोडतं तेव्हा खालून, वळचणीकडून तेवढीच हवा आत यायला हवी, आणि शेडला बहुतेक वेळा सॉफिटच, म्हणजे छज्ज्याखालचा हवा आत घेणारा भाग, नसतो. मग व्हेंट एका टोकाकडून हवा ओढतं आणि दुसरीकडून सोडतं, त्या हवेबरोबर पाऊस-बर्फही येतो. त्यातून वर रिज व्हेंट आणि बाजूला खिडक्या असं दोन्ही ठेवलं तरी तोच घोळ, हवा जवळच्या खिडकीतून आत आणि लगेच वरून बाहेर, खालचा भाग तसाच कोंदट. हिशेब असा की मजल्याचं क्षेत्रफळ भागिले १५० एवढी उघडी जागा हवी आणि त्यातली साधारण निम्मी खाली. १० बाय १२ च्या शेडला १२० भागिले १५०, म्हणजे पाऊण चौरस फुटाच्या जरा वर, ११५ चौरस इंच.

लावलेलंच असेल आणि गळत असेल तर तीन गोष्टी बघा. फट टोकापर्यंत कापलीय का, ती दोन्ही टोकांना भिंतीच्या आत सहा ते बारा इंच आधीच थांबायला हवी. फट किती रुंद आहे, आढ्याची फळी, म्हणजे दोन्हीकडचे वासे जिला टेकतात ती उभी फळी, नसेल तर प्रत्येक बाजूला पाऊण इंच आणि दीड इंची आढ्याची फळी असेल तर प्रत्येक बाजूला पावणेदोन इंच साधारण चालतात, त्याहून जास्त असेल तर व्हेंटची कड पुरेशी टेकत नाही. आणि खिळे, व्हेंटची जाडी मधे आल्यावर दोन-अडीच इंचांशिवाय फळीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून बऱ्याच व्हेंट्सच्या खोक्यातच लांब खिळे दिलेले असतात आणि ते बहुधा गराजमध्ये तसेच पडलेले सापडतात. याच्या उलट, वर व्हेंट थाटात बसवलंय आणि खाली फटच कापलेली नाही, असंही बघायला मिळतं, त्यात गळत काही नाही पण ते नुसतं शोभेचं. प्लास्टिकचं व्हेंट कुरतडलेलं दिसलं तर खारी, त्याला जाळीवालं किंवा धातूचं घेण्याशिवाय इलाज नाही.

व्हेंट नकोच असेल तर ते काढून फटीवर प्लायवुडची पट्टी भरा, अंडरलेमेंट टाका आणि साध्या कॅप्स लावा, मग बाजूच्या खिडक्या.

नव्याने करताना

काढायचं काम गार सकाळी करा, चिकटपट्टी गारठ्यात टणक असते आणि पातळ फ्लॅट बार, म्हणजे चपटी पहार, घातला की टक्कन सुटते, दुपारी तीच च्युइंगगमसारखी ओढत बसते आणि खालची शिंगल फाडते. मात्र दंव सुकेपर्यंत वर चढू नका, ओल्या शिंगलवर पाय घसरतो, आणि शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर, वरचं टोक वळचणीच्या तीन फूट वर, घराकडे येणारी विजेची तार कुठून गेलीय ते आधी बघून. शेवटी लावलेल्या कॅपपासून सुरुवात करून मागे मागे यायचं, कारण प्रत्येकीचे खिळे पुढचीच्या पोटाखाली आहेत. मधली एकच बदलायची असेल तरी पुढच्या एक-दोन सैल कराव्याच लागतात, मघाशी सांगितलं तसं शेजारणीचे खिळे तिच्यातून गेलेले असतात.

मग दोन्ही टोकांना एकेक कॅप वाकवून ठेवा, तिची कड जिथे येते तिथे खूण करा आणि खुणा जोडून चॉक लाइन, म्हणजे खडूच्या भुकटीतली दोरी ताणून सरळ रेघ, मारा. निळा चॉक घ्या, लाल पावसाने जात नाही आणि फिक्या शिंगलवर वर्षानुवर्षं दिसतो. नुसत्या नजरेने लावलेलं आढं दहा फुटांत हमखास एका बाजूला सरकतं आणि मग एका बाजूला कॅप सात इंच, दुसऱ्या बाजूला पाच, म्हणजे वरचा उघड्या खिळ्यांचा प्रश्न परत.

सुरुवात कुठल्या टोकाकडून, तर वारा जिकडून येतो त्याच्या उलट टोकाकडून, म्हणजे कॅप्सच्या उघड्या कडा वाऱ्याला पाठ करून राहतात. आपल्याकडे थंडीतला रोजचा वारा पश्चिम-वायव्येचा, म्हणून पूर्व-पश्चिम आढं असेल तर पूर्वेकडून सुरू करून पश्चिमेला संपवायचं, उत्तर-दक्षिण असेल तर दक्षिणेकडून सुरू करून उत्तरेला. यात एक मेख आहे, नॉरईस्टर, म्हणजे इकडचं किनाऱ्यावरचं मोठं वादळ, येतो तो ईशान्येकडून, आणि पूर्वेकडून सुरू केलेल्या आढ्याच्या कडा त्याच्या तोंडावर येतात. म्हणून तशा शेडला पूर्वेकडच्या पहिल्या पाच-सहा कॅप्स ऊन असलं तरी सिमेंटचे ठिपके देऊन चिकटवाव्यात, बाकीच्या पट्टीवर सोडल्या तरी चालतात. अगदी पहिल्या कॅपखाली एक अर्धी कॅप आधी ठोकून घ्या, नाहीतर टोकाला एकच थर राहतो.

शेवटची कॅप हीच काय ती एक जागा जिथे खिळे उघडे राहणार, त्यांना झाकायला पुढे कोणी नाही. तिचा मागचा भाग कापून फक्त उघडा राहणारा तुकडा लावायचा, खाली सिमेंट, चार कोपऱ्यांना चार खिळे, प्रत्येक डोक्यावर सिलंटचा ठिपका आणि तो ओला असतानाच कापलेल्या शिंगलचे गळलेले दाणे वर चिमटीने टाकायचे, उन्हापासून सिलंट वाचतं आणि काळा ठिपकाही दिसत नाही. काही जण दोन्ही टोकांकडून येऊन मधे गाठ घालतात, दिसायला छान, पण मग हे उघडे खिळे बरोबर शेडच्या मधोमध डोक्यावर येतात. टोकाला असले तर सिलंट गेल्यावरही पाणी भिंतीबाहेरच्या छज्ज्यात उतरतं, आत नाही. शेडला बाहेर छज्जाच नसेल तर निदान दर दोन वर्षांनी ते चार ठिपके बघायचे, टारची बादली कामाला येते ती एवढ्यापुरतीच.

झाल्यावर आठवडाभर ऊन मिळालं की कडेला बोट घालून अगदी हलकेच उचलून बघा, धरलंय का. धरलं नसेल आणि थंडी तोंडावर असेल तर ठिपके. पुढच्या मोठ्या पावसात टॉर्च घेऊन आत एक चक्कर. उरलेल्या कॅप्स फेकू नका, त्याच बॅचचा रंग परत मिळत नाही, पण त्या आडव्या सपाट ठेवा, भिंतीला उभ्या टेकवल्या की उन्हाळ्यात वाकतात आणि ऐनवेळी आढ्यावर बसत नाहीत.